टेक्सास युद्धनौका: गंज नेमका कुठे होता आणि तो कसा काढला

सागवान (धागाकर्ता)

यूएसएस टेक्सास १२ मार्च १९१४ रोजी अमेरिकी नौदलात दाखल झाली. पहिल्या महायुद्धाच्या पिढीतल्या ड्रेडनॉट जातीच्या (सगळ्या मुख्य तोफा एकाच मोठ्या मापाच्या असलेल्या) युद्धनौकांपैकी आज जगात उरलेली ती एकटीच. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी चार टग (ओढणाऱ्या बोटी) लावून तिला टेक्सासमधल्या सॅन जॅसिंटोच्या धक्क्यावरून गॅल्व्हेस्टनच्या तरंगत्या गोदीत नेलं आणि ५ मार्च २०२४ रोजी ती परत पाण्यात उतरली. मधल्या दीड वर्षात तिच्या अंगावर सुमारे ७०० टन नवं पोलाद चढलं. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण एवढं पोलाद का बदलावं लागलं, हे मराठीत कुठे नीट मांडलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा.

मूळ दुखणं आहे बाजूच्या फुगवट्यांत. १९२५-२६ मध्ये जहाजाचे बॉयलर कोळशावरून तेलावर आणले, चौदाचे सहा केले, आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंना पाण्याखाली पोकळ फुगवटे जोडले. टॉर्पेडो आदळला तर स्फोट या पोकळीत व्हावा, मूळ अंगापर्यंत पोचू नये, हा हेतू. जहाजाची रुंदी २९ मीटरवरून ३२ मीटरच्या वर गेली.

युद्धात ही पोकळी भलत्याच कामाला आली. १५ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लक्ष्य तोफांच्या पल्ल्याबाहेर गेलं, कारण १४ इंची तोफा १५ अंशांच्या वर उचलता येत नव्हत्या. तेव्हा उजव्या बाजूच्या फुगवट्यात मुद्दाम पाणी भरून अख्खं जहाज दोन अंश कलतं केलं आणि मारा चालू ठेवला.

देखभालीच्या दृष्टीने मात्र हीच पोकळी जिवावर उठली. आतले कप्पे अरुंद. शिरायला माणूसभर झाकणं, काही ठिकाणी तीही सहज उघडत नाहीत. रंगारी आत उभा राहू शकत नाही, रंग मारणार कुठून? साध्या जहाजाची तळाची प्लेट बाहेरून ओली आणि आतून कोरडी असते. फुगवट्याची प्लेट एकदा भोक पडलं की दोन्ही अंगांनी ओली. गंजाला दोन बाजू मिळाल्या की प्लेट दुप्पट वेगाने संपते.

दुसरी चूक वरून झाली. मूळ लाकडी डेक कुजला म्हणून १९६८ मध्ये त्यावर काँक्रीट ओतलं. काँक्रीटला तडे जातात, तड्यांतून पावसाचं पाणी उतरतं आणि खालच्या पोलादी डेकवर साचून राहतं. वरून सगळं कोरडं, खाली ओली चादर अंथरलेली. १९८८ ते ९० च्या डागडुजीत हे काँक्रीट फोडून पुन्हा पाइनच्या फळ्या बसवल्या आणि सुमारे दीडशे टन पोलाद बदललं. म्हणजे त्या वेळी दीडशे टन आणि बत्तीस वर्षांनी ७०० टन. या दोन आकड्यांच्या मध्ये सगळी गोष्ट आहे. चर्चा करूया.

---

ठिणगी

उत्तम धागा. ‘दोन्ही अंगांनी ओली’ हे बरोबर, पण एक गोष्ट जोडतो. सगळ्यात जास्त मार खातो तो पाणरेषेचा पट्टा, जिथे लाट येते-जाते तो साधारण मीटरभराचा भाग. तिथे प्लेट कधी ओली, कधी कोरडी, हवेतला प्राणवायू भरपूर, आणि पोलादाऐवजी स्वतः झिजावेत म्हणून अंगाला जोडलेले जस्ताचे ठोकळे तिथे काहीच संरक्षण देत नाहीत, कारण ठोकळा काम करतो तो पाण्यात बुडालेल्या पोलादापुरताच. पाणबुड्यांनी खाली तपासणी करून ‘तळ ठीक आहे’ असा अहवाल दिला तरी पाणरेषेवर प्लेट कागद झालेली असू शकते.

आता जाडी मोजण्याबद्दल. अल्ट्रासोनिक यंत्राने प्लेटची जाडी मोजतात हे सगळ्यांना माहीत असतं. जुन्या जहाजावर हे यंत्र तीन प्रकारे फसवतं. एक, रंगाचे थर पोलादाबरोबर मोजले जातात. त्यामुळे रंग घासून चकचकीत धातू काढायचा, नाहीतर रंग वगळून मोजणारी पद्धत वापरायची. दोन, आतल्या बाजूला खड्डे असतील तर लहरी विखुरतात आणि आकडा येतच नाही. नवखा माणूस यंत्र दोन इंच सरकवतो, तिथे छान आकडा मिळतो, तो लिहून मोकळा होतो. जिथे आकडा आला नाही तीच जागा सर्वांत वाईट असते! तिथे ‘वाचन नाही’ असंच लिहायला हवं. तीन, शंभर वर्षांपूर्वीच्या प्लेटमध्ये मळीचे आडवे थर असतात. लहर त्या थरावरून परत येते आणि १२ मिमीची प्लेट ६ मिमी दिसते.

म्हणून यंत्राबरोबर हातोडी हवीच. चांगली प्लेट खणखणते. संपलेली प्लेट फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजते. साधारणपणे मूळ जाडीच्या २०-२५ टक्के झीज झाली की प्लेट बदलायची.

---

तळकोकणी

एक शंका. ७०० टन ऐकायला खूप वाटतं, पण सगळ्या प्लेटा का बदलायच्या? गंजलेल्या भागावर वरून दुसरी प्लेट वेल्ड करून चालत नाही का? मच्छीमारी ट्रॉलरवर तर सर्रास असंच करतात.

---

ठिणगी

@तळकोकणी, करतात आणि चार-पाच वर्षं निभावतंही. त्याला ठिगळ प्लेट म्हणूया. अडचण अशी की ठिगळ आणि जुनी प्लेट यांच्यामध्ये फट राहते. वेल्डमध्ये सुईएवढं छिद्र राहिलं तरी पाणी आत जातं, आणि मग आत काय चाललंय हे कुणालाच दिसत नाही. गंज झाल्यावर लोखंड मूळ आकारमानाच्या कित्येक पटींनी फुगतं. फुगून तो ठिगळाला बाहेर ढकलतो, वेल्ड चिरतो. शिवाय खालची प्लेट पातळ असेल तर वेल्डची उष्णता तिला भोक पाडते आणि तुम्ही चांगल्या धातूच्या शोधात ठिगळ मोठं मोठं करत जाता. संग्रहालयाच्या जहाजाला आणखी पन्नास वर्षं काढायची असतात. तिथे खराब भाग कापून तेवढ्याच मापाची नवी प्लेट बसवणं हाच मार्ग.

कापतानाही नियम आहेत. तुकड्याचे कोपरे गोल ठेवायचे. चौकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तिथून तडा निघतो. शेजारशेजारच्या प्लेटा एकदम काढायच्या नाहीत, एक सोडून एक काढायची, नाहीतर अंग वाकतं. आणि रिव्हेटच्या (प्लेटा खिळ्यांनी जोडलेल्या) जहाजात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेल्डिंगने प्लेट आधी तापते, मग आकसते. आकसताना शेजारची रिव्हेटची रांग ओढली जाते, रिव्हेट ढिले होतात. आज एक गळती बुजवली आणि उद्या दोन फूट अंतरावर सहा रिव्हेट पाझरायला लागले, असं यामुळेच होतं. म्हणून छोटे छोटे टप्पे, एका टोकाकडून सलग न जाता मागे-पुढे उड्या मारत वेल्ड, आणि काम झाल्यावर आजूबाजूच्या प्रत्येक रिव्हेटवर हातोडीने टिचकी.

१९११-१२ च्या पोलादात गंधक आणि स्फुरद आजच्यापेक्षा जास्त असतं. वेल्ड गरम असतानाच चिरू शकतो. आधी एक तुकडा प्रयोगशाळेत पाठवून घटक तपासायचे, कमी हायड्रोजनचे इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या कांड्या) वापरायचे आणि ते भट्टीत गरम ठेवायचे. गोदीतल्या दमट हवेत उघडं पडलेलं इलेक्ट्रोडचं पाकीट या कामाला वापरू नये.

---

मचवा

फोमचा मुद्दा राहिला. टेक्सास ओढून नेण्याआधी तिच्या कप्प्यांत सुमारे साडेसात लाख गॅलन, म्हणजे २८ लाख लिटर, फुगणारा फोम भरला होता. वाईट दिवसांत तिची गळती मिनिटाला २,००० गॅलनपर्यंत गेली होती असं सांगतात. आपल्या हिशोबात बोलायचं तर १० हजार लिटरचा टँकर दीड मिनिटाच्या आत भरेल, रात्रंदिवस. फोमनंतर ती मिनिटाला २० गॅलनच्याही खाली आली. फोम नसता तर ती सहा-सात दशकांचा धक्का सोडून खाडीतून निघूच शकली नसती.

फोमचं काम समजून घ्या. तो भोक बुजवत नाही. तो पाण्याची जागा घेतो. कप्प्यात फोम भरलेला असेल तर भोक कितीही मोठं होवो, आत यायला पाण्याला जागाच नाही. दुसरा फायदा कलण्याचा. अर्धवट भरलेल्या कप्प्यातलं पाणी जहाज थोडं कललं की त्याच बाजूला धावतं आणि आणखी कलवतं. पत्र्याच्या परातीत पाणी घेऊन चालून बघा. या परिणामाचा जोर पाण्याच्या पृष्ठभागाच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मध्ये एक उभी भिंत घातली तर दोन्ही भागांचा मिळून परिणाम चौथाईवर येतो. फोममुळे हा प्रश्नच मिटतो. जून २०१७ मध्ये हेच जहाज एका रात्रीत सहा अंश कललं होतं, ते आठवून बघा.

---

सागवान

@मचवा, फोमची दुसरी बाजूही नोंदवू. पोलाद आणि फोम यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो. पोलाद गंजायचं थांबत नाही, दिसायचं थांबतं. आणि गोदीत गेल्यावर तो फोम खणून काढावा लागतो, कारण त्याच्या जवळ वेल्डिंग किंवा गॅस कटिंग केलं तर फोमचं पॉलियुरेथेन पेटतं, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं. तेव्हा फोम हा गोदीपर्यंत पोचायचा उपाय आहे. गोदीची तारीख आणि पैसे हातात नसताना फोम भरणं म्हणजे दुखणं झाकणं.

---

पाणकोंबडा

कप्प्यांत उतरण्याविषयी कळकळीने लिहितो, कारण हौशी लोक इथेच जीव गमावतात. बंद कप्प्यात गंज चढतो तेव्हा तो हवेतला प्राणवायू खातो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या टाकीत विषारी वायू काहीच नसला तरी प्राणवायू १० टक्क्यांवर आलेला असू शकतो. वास येत नाही, गुदमरल्यासारखं होत नाही, माणूस शिडीवरून सरळ खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो.

झाकण उघडायचं, किमान काही तास पंख्याने हवा घालायची, मग नळी खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर मोजायचं. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली असेल तर आत जायचं नाही, चर्चा नाही. ज्वलनशील वायू वेगळा मोजायचा. या जहाजांच्या टाक्यांत जाड इंधनतेलाचा गाळ राहिलेला असतो आणि वर कटिंगची उष्णता लागली की त्यातून वाफ सुटते. सकाळी मोजलेला आकडा दुपारी चालत नाही. झाकणापाशी एक माणूस कायम, त्याने आत उतरायचं नाही, त्याचं काम फक्त दोरी धरून आवाज देत राहायचं.

आणि कुजलेल्या अंड्याचा वास आला तर तिथे पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू आहेत. ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, जे जास्त झालं की नाकच बधिर करतं. ‘वास गेला’ म्हणजे वायू गेला असं नव्हे. हेच जिवाणू गाळाखाली पोलादाला खोल, गोल खड्डे पाडतात, आत काळा लगदा असतो. तो पुसला की खाली चकचकीत धातू दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं प्लेट चांगली आहे.

---

ह्यूस्टनकर

इथल्या लोकांनी या जहाजासाठी काय केलं तेही यायला हवं. १९४८ मध्ये नौदलाने ते टेक्सास राज्याला दिलं तेव्हा ओढून आणायचा खर्च लोकवर्गणीतून उभा केला, त्यात शाळकरी मुलांचीही नाणी होती. २१ एप्रिल १९४८ रोजी, सॅन जॅसिंटोच्या लढाईच्या (१८३६, टेक्सासच्या स्वातंत्र्याची निर्णायक लढाई) वर्धापनदिनी, ते त्याच रणभूमीच्या काठावर संग्रहालय झालं. पण वर्गणी जहाज आणण्यापुरती होती. सांभाळण्यासाठी नियमित निधी नव्हता. १९८३ मध्ये ते राज्याच्या उद्यान खात्याकडे गेलं. २००७ मध्ये मतदारांनी कोरड्या जागेवर ठेवण्यासाठी अडीच कोटी डॉलर मंजूर केले, ते कोरड्या जागेला पुरणारे नव्हतेच, शेवटी जागच्या जागी आतली बांधणी दुरुस्त करण्यात गेले. २०१० आणि २०१२ मध्ये मोठ्या गळत्या झाल्या. २०१९ मध्ये विधिमंडळाने साडेतीन कोटी डॉलर दिले आणि ९९ वर्षांच्या करारावर जहाज चालवण्याचं काम ‘बॅटलशिप टेक्सास फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेकडे दिलं. मालकी राज्याची, चालवणं संस्थेचं.

आता ते सॅन जॅसिंटोला परत जाणार नाही, गॅल्व्हेस्टनलाच राहणार आहे. तिथे पर्यटक आधीच येतात आणि तिकिटाच्या पैशांवर देखभाल चालायला हवी, हा विचार. काहींना रणभूमीचा सहवास सुटला याचं वाईट वाटतं. वाटायलाच हवं, पण प्रेक्षकांशिवाय पंपाचं वीजबिलही निघत नाही.

---

तळकोकणी

आपल्या विमानवाहू विक्रांतचं नेमकं हेच नडलं ना? ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त, २००१ पासून मुंबईत संग्रहालय, २०१२ मध्ये धोकादायक म्हणून बंद, २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना भंगारात. जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, पण उपयोग झाला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडायला सुरुवात झाली.

---

सागवान

@तळकोकणी, हो, आणि तुलना मनाला लागते. २०१२ मध्ये दोन्ही जहाजं संकटात होती. टेक्सास तर विक्रांतपेक्षा तीस वर्षांनी जुनी, गळत्या असलेली. फरक असा की टेक्सासच्या मागे एक कायमची संस्था उभी होती, जिचं दुसरं कामच नव्हतं. विक्रांतच्या मागे माणसं होती, तळमळ होती, पण जहाज ज्याच्या नावावर करता येईल अशी संस्था नव्हती, कायमचा धक्का नव्हता, आणि ती नौदलाच्या गोदीत असल्याने लोकांना मनाला येईल तेव्हा जाता येत नव्हतं. दुसऱ्या विमानवाहू जहाजाच्या, विराटच्या वेळी राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ ८५२ कोटींचा संग्रहालय प्रकल्प मंजूर केला. विराट शेवटी गुजरातेत अलंगला, तोडायला गेली. एवढ्या मोठ्या एकरकमी आकड्यापेक्षा दरवर्षी येणारी ठरलेली रक्कम आणि ठरलेला धक्का जास्त उपयोगी पडला असता, असं माझं ठाम मत आहे.

---

ओंडका

मग पाण्यातच का ठेवायचं? जपानची जुनी युद्धनौका मिकासा योकोसुकामध्ये १९२० च्या दशकापासून जमिनीत बसवलेली आहे. आपली कुरसुरा पाणबुडी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर २००२ पासून काँक्रीटच्या पायावर आहे. पाणी नाही तर गळती नाही.

---

मचवा

@ओंडका, गळती नाही, पण भार आहे. पाण्यात जहाजाचं वजन तळाच्या प्रत्येक चौरस फुटावर सारखं पेललं जातं. जमिनीवर तेच वजन ठोकळ्यांवर येतं. टेक्साससारख्या जहाजाच्या प्रत्येक तोफखान्याचं वजन शेकडो टन, असे पाच तोफखाने. त्यांच्या खाली नेमके आधार नसतील तर तळ दोन आधारांच्या मध्ये लोंबतो. म्हणून गोदीत घेताना ठोकळे मूळ नकाशाप्रमाणे आडव्या भिंतींच्या बरोबर खाली लावावे लागतात. आणि दीड वर्ष ठोकळ्यांवर ठेवणं वेगळं, कायमचं ठेवणं वेगळं. ठोकळ्याखालची प्लेट कधीच रंगवता येत नाही.

वाळूत किंवा काँक्रीटमध्ये रोवलेल्या जहाजाला आणखी एक आजार होतो. काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे त्यात बुडालेलं पोलाद बऱ्यापैकी टिकतं. पण काँक्रीट जिथे संपतं त्या ओळीवर पाणी साचतं आणि करवतीने कापावी तशी गंजाची रेष पडते. ते टाळायला कडेला उतार आणि लवचीक सांधा हवा, आणि तो दर काही वर्षांनी नवा करायला हवा.

मला मधला मार्ग आवडतो. अमेरिकेतच विल्मिंग्टनला यूएसएस नॉर्थ कॅरोलिना ही युद्धनौका नदीत जिथे आहे तिथेच तिच्याभोवती पत्र्याच्या खांबांची कायमची भिंत उभारली. २०१८ मध्ये काम झालं. आतलं पाणी उपसलं की जहाज न हलवता पाणरेषेचा पट्टा उघडा पडतो, प्लेट बदलायची, रंग लावायचा. ओढून नेण्याचा धोका आणि खर्च दोन्ही वाचले. तिच्याही वर्गणीत सुमारे ७ लाख शाळकरी मुलं होती.

---

पन्हळ

रंगाबद्दल कुणी लिहिलं नाही. स्वयंसेवकांचा ९० टक्के वेळ यातच जातो, म्हणून सविस्तर.

जुन्या युद्धनौकांवर सगळीकडे शिशाचा लाल प्रायमर असतो. रासायनिकदृष्ट्या तो आपला शेंदूरच. तो कोरडा घासला की शिशाची धूळ फुप्फुसात जाते आणि कपड्यांबरोबर घरी मुलांपर्यंत पोचते. आधी रंगाचा नमुना तपासायचा, मग ओलं खरवडायचं किंवा शोषण जोडलेली हत्यारं वापरायची, कामाचे कपडे तिथेच ठेवायचे. पाइपांवरच्या पांढऱ्या लेपात ॲस्बेस्टॉस असतो, त्याला हौशी माणसाने हातच लावू नये.

पृष्ठभाग तयार करताना दिसणारा गंज काढून भागत नाही. खड्ड्यांच्या तळाशी मिठाचे क्षार राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण रंगाच्या खाली हवेतला ओलावा ओढून घेतात आणि सहा महिन्यांत फोड येतात. म्हणून आधी गोड्या पाण्याने जोरात धुवायचं, सुकू द्यायचं, चिकटपट्टीच्या चाचणीने क्षार मोजायचे, जास्त असतील तर पुन्हा धुवायचं. मग वाळूसारख्या कणांचा मारा. फक्त सुका मारा केला तर क्षार खड्ड्यात आणखी ठासले जातात.

रंग लावताना पोलादाचं तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव होतं त्याच्या) किमान ३ अंश वर हवं. नाहीतर न दिसणाऱ्या दवाच्या थरावर रंग बसतो. मोठ्या ब्रशने किंवा स्प्रेने पहिला हात मारायच्या आधी सगळ्या कडा, वेल्डच्या रेषा आणि प्रत्येक रिव्हेटचं डोकं लहान ब्रशने रंगवायचं. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरकतो आणि कडेवर थर पातळ राहतो. जुन्या जहाजावर गंजाची पहिली तांबडी रेघ नेहमी कडेवरून किंवा रिव्हेटच्या भोवतीच निघते, ती यामुळे.

एक ताकीद. जहाज पाण्यात असताना पाणरेषेच्या खाली आतून सुयांच्या यंत्राने गंजाची खरवडणी कधीही करू नका. कित्येकदा गंजाची खपलीच पाणी अडवून असते.

---

ओंडका

आणि चुकून भोक पडलंच तर?

---

पाणकोंबडा

मऊ लाकडाची शंकूसारखी खुंटी, कापडाचा एक फेरा गुंडाळून, हाताने दाबून बसवायची. हातोडीचे दोन हलके ठोके, बस. जोरात ठोकली तर पातळ प्लेट फाटते आणि खुंटीएवढ्या भोकाचं ताटाएवढं होतं. लाकूड ओलं झालं की फुगून स्वतःच घट्ट बसतं. मग भोकाभोवती लाकडी चौकट उभी करून त्यात लवकर घट्ट होणारं सिमेंट भरायचं. चौकटीतून एक छोटी नळी बाहेर काढून ठेवायची, म्हणजे पाझरणारं पाणी नळीतून जातं आणि सिमेंट वाहून न जाता घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी नळी बुजवायची. बाहेरून पाणबुड्या रबराची चकती लावलेली प्लेट टेकवतो, पाण्याचा दाब ती घट्ट धरून ठेवतो. प्रत्येक ठिगळाला क्रमांक आणि नोंदवहीत जागा, तारीख. नोंद नसलेली खुंटी दहा वर्षांनी कुणीतरी कचरा समजून उपटतो.

---

तळकोकणी

आतला दमटपणा कसा आवरायचा? मुंबईच्या पावसाळ्यात तर भिंतींना घाम फुटतो.

---

पन्हळ

@तळकोकणी, पावसाळ्यात सगळी झाकणं उघडून पंखे लावणं ही हमखास होणारी चूक. पाण्याखालचं पोलाद बाहेरच्या हवेपेक्षा थंड असतं. दमट हवा आत आली की तिच्यातलं पाणी तळाच्या प्लेटवर दव होऊन बसतं. तुम्ही वारा दिला असं वाटतं, प्रत्यक्षात पाणी भरलं. बाहेरच्या हवेचा दवबिंदू आतल्या पोलादाच्या तापमानापेक्षा कमी असेल तेव्हाच पंखे, एरवी झाकणं बंद आणि ओलावा शोषणारं यंत्र. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग झपाट्याने वाढतो. ५० च्या खाली ठेवली तर उघडं पोलादही बरंच टिकतं. आणि हे यंत्र लावण्याआधी तळातलं साचलेलं पाणी फडक्याने टिपून काढायचं, नाहीतर यंत्र खाडी सुकवत बसेल.

---

तळकोकणी

शेवटचा प्रश्न. जस्ताचे ठोकळे किती लागतात याचा काही हिशोब आहे का?

---

ठिणगी

आहे. समजा पाण्याखाली १,००० चौरस मीटर क्षेत्र आहे आणि रंग बऱ्या स्थितीत आहे. संरक्षणासाठी चौरस मीटरला १५ मिलिअँपिअर प्रवाह धरा, म्हणजे १५ अँपिअर. वर्षाचे ८,७६० तास, गुणाकार १,३१,४०० अँपिअर-तास. जस्त किलोला सुमारे ७८० अँपिअर-तास देतं, म्हणजे १६८ किलो. ठोकळा शेवटपर्यंत वापरता येत नाही, ८५ टक्के धरले तर वर्षाला साधारण २०० किलो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे किलोला २,५०० च्या आसपास देतात, म्हणजे ६२ किलोत भागतं. खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमच बरं, तिथे जस्तावर थर जमून ते मंदावतं. रंग उडालेल्या उघड्या पोलादाला हाच आकडा सहा-सात पट लागतो, म्हणून ठोकळे वाढवण्याआधी रंगाकडे बघा.

ठोकळे लावले की काम झालं असं नाही. चांदी-क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड पाण्यात सोडून त्याच्या तुलनेत पोलादाचं व्होल्टेज दर महिन्याला दोन्ही बाजूंना पुढे, मध्ये, मागे मोजायचं. उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे असेल तर पोलाद सुरक्षित. उणे १.१ च्या पलीकडे गेलं तर रंगाला फोड येतात. ठोकळ्यावर चुकूनही रंग मारू नका.

एखाद्याच बाजूचे ठोकळे अचानक लवकर झिजू लागले तर आधी किनाऱ्यावरून येणारी विजेची केबल तपासा. तिच्या अर्थिंगमधून जहाज शेजारच्या धक्क्याच्या लोखंडी खांबांशी जोडलं जातं आणि तुमचं जस्त त्या खांबांचं रक्षण करत बसतं. मध्ये विलग करणारा ट्रान्सफॉर्मर बसवला की हे थांबतं.

---

तळकोकणी

धन्यवाद. केबलचं लक्षातच आलं नव्हतं. @सागवान, फुगवट्यांचा आडवा छेद दाखवणारं रेखाचित्र वर धाग्यातच जोडाल का?

---

सागवान

हो, काढतोय. १९२५ च्या आधीचा आणि नंतरचा असे दोन छेद शेजारी ठेवतो, म्हणजे कप्पे कुठे अरुंद होतात ते दिसेल.